सीलबंद सासरे

सिनेमाची डिस्क दोन प्रकारची मिळते, हे मला पन्नाशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं आणि माहीत नसल्यामुळे माझं काही अडलंही नव्हतं. साध्या प्रकारात नुसता सिनेमा असतो. विशेष प्रकारात सिनेमा असतोच, शिवाय एक जादा डिस्क असते आणि तिच्यात सिनेमात नसलेलं सगळं असतं. म्हणजे कापून टाकलेले प्रसंग, नटनट्यांच्या चुका, कपडे शिवणाऱ्याची मुलाखत, आणि हे सगळं आपण का केलं याबद्दल दिग्दर्शकाचं बोलणं. या जादा डिस्कमुळे किंमत चौपट होते. मी भूमी अभिलेख खात्यात सव्वीस वर्षं काढली आहेत. आमच्याकडेही खोडलेलं, रद्द केलेलं, चुकून लिहिलेलं पुष्कळ असतं, पण त्याचे आम्ही कधी जादा पैसे घेतले नाहीत. निदान त्या कारणासाठी तरी घेतले नाहीत.

तरीही मी विशेष प्रकार मागवला, कारण माझे सासरे कापलेल्या भागात होते. किंवा नव्हते. वाद तोच होता.

सासरे म्हणजे सिद्धाप्पा. गाव दुधनीच्या अलीकडं, धंदा मेंढरांचा. आम्ही त्यांना मामा म्हणतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी त्यांच्या गावच्या माळावर एका मराठी सिनेमाचं शूटिंग झालं. सिनेमाचं नाव सांगत नाही, कारण कंपनीशी माझा पत्रव्यवहार अजून चालू आहे. त्यात मामांना मेंढरांसकट घेतलं. हिरो वाट चुकून माळावर येतो आणि मामा त्याला म्हणतात, "पुढं वाट न्हाय, पाव्हणं. मागं फिरा." एवढंच काम. मामांनी ते वाक्य गावात म्हणून दाखवलं, बाजारात म्हणून दाखवलं, सोयरीक जुळवायला गेले तिथंही म्हणून दाखवलं, आणि ती सोयरीक मोडली. सिनेमा अक्कलकोटला लागला तेव्हा दोन टेम्पो भरून गाव नेलं. पडद्यावर हिरो वाट चुकला आणि पुढच्या क्षणी पुण्यात पोचला. मधला माळ नव्हता, मेंढरं नव्हती आणि मामाही नव्हते.

येताना टेम्पोत कुणी बोललं नाही. बोलला तो रुद्रप्पा. रुद्रप्पा हा सासूबाईंचा सख्खा भाऊ. त्याचीही मेंढरं त्याच माळावर चरतात, त्यामुळं प्रेमाला तशी जागा कमीच. त्यानं देवळासमोर सगळ्यांदेखत सांगितलं, की ज्या दिवशी दाजी पडद्यावर दिसतील त्या दिवशी मी माझ्या हातानं त्यांना टॉवेल-टोपी घालीन. मामाही तापट. टॉवेल-टोपी घेतली तर आता तुझ्याच हातची घेईन, तोवर दुसऱ्या कुणाची घेणार नाही, असं त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं.

बाहेरगावच्या माणसाला याचं गांभीर्य कळायचं नाही. आमच्याकडं लग्न असो, बारसं असो की सेवानिवृत्ती असो, डोक्यावर टोपी आणि खांद्यावर टॉवेल पडला की माणसाचा मान झाला. ज्याला नाव पुकारून टॉवेल-टोपी मिळत नाही, तो नुसता जेवायला आलेला असतो. मामा तेव्हापासून प्रत्येक कार्यात मान सुरू व्हायच्या आधी मांडवाबाहेर निघून जातात. माझ्या वास्तुशांतीला मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यातून चांगला जाडजूड टॉवेल काढून आणला होता. मामांनी हात जोडले आणि जिन्यात जाऊन उभे राहिले. मी टॉवेल हातात धरून पाहुण्यांकडं बघत राहिलो. पुढं त्या टॉवेलनं मी अंग पुसायला लागलो, पण मनातून ते गेलं नाही.

तर माझी मुलगी ऋतुजा, ती कॉलेजात आहे, तिला मोबाईलवर दिसलं की त्या सिनेमाची विशेष आवृत्ती निघते आहे, 'आजवर न दाखवलेल्या प्रसंगांसह'. मला वाटलं, माझी बायको सुकन्या हे ऐकून नाचेल. तिनं पोळी तव्यावर करपू दिली.

"राहू द्या," ती म्हणाली. "त्यातही बाबा नसले तर? आत्ता निदान शंका तरी आहे. आहे ती शंका कशाला घालवायची?"

हे बोलणं मला तेव्हा बायकी वाटलं. आता मला ते आमच्या घरात झालेलं एकमेव शहाणपणाचं बोलणं वाटतं.

शेजारच्या अनिलकुमारचाही विरोध होता. अनिलकुमारचं टॉवेल-चादरींचं दुकान आहे आणि जगातला प्रत्येक व्यवहार तो टॉवेलवरून समजून घेतो. त्याचं म्हणणं असं, की टॉवेल खोक्यात घातला की टॉवेल तोच राहतो आणि भाव दुप्पट होतो. हे खोकं त्यातलंच आहे, साधं घ्या, आतला माल एकच. मी म्हटलं, आतला माल एक नाही, जादा मालात माझे सासरे आहेत. त्यावर तो जरा विचार करून म्हणाला, "सासरे जादाच असतात की ओ." त्याचे स्वतःचे सासरे तेव्हा तीन महिन्यांपासून त्याच्याकडं मुक्कामाला होते.

मी मागवलं. भेट म्हणून मागवलं, म्हणजे घेणाऱ्याचं नाव मामांचं, फोन नंबर मामांचा आणि पत्ता आमचा. ही कल्पना माझी. पार्सल निघालं आणि कुर्डुवाडीत येऊन थांबलं. रोज मोबाईलवर बघावं तर पार्सल कुर्डुवाडीत. शेवटी मी रजा काढून गेलो. कुरिअरच्या खिडकीत एक महेश्वरी नावाच्या बाई होत्या. त्यांनी सांगितलं की पत्ता सोलापूरचा आणि नंबर दुधनीकडचा, दोघांचा मेळ बसत नाही म्हणून पार्सल राखून ठेवलं आहे. ज्याचं नाव आहे त्यानं आधार कार्ड घेऊन समक्ष यावं. मी म्हटलं, मी जावई आहे. त्या म्हणाल्या, तसा रकाना नाही. मी सरकारी ओळखपत्र दाखवलं. त्यांनी ते कौतुकानं बघितलं, परत दिलं आणि म्हणाल्या, उद्या या. गेली सव्वीस वर्षं मी लोकांना उद्या या म्हणत आलो आहे. ऐकायला ते इतकं वाईट लागतं याची मला कल्पना नव्हती.

दुसऱ्या खेपेला मामांना घेऊन गेलो. इस्त्रीचं धोतर, हातात आधार कार्ड. बाईंनी कार्ड बघितलं आणि सांगितलं की आता फोनवर नंबर येईल तो सांगा. मामांचा फोन कुठं आहे म्हणून विचारलं तर म्हणाले, "फोन मेंढरांसंगं गेलाय." म्हणजे सासूबाईंकडं, माळावर. सासूबाईंना अक्षरओळख नाही. मी त्यांना फोन लावला, सांगितलं की मेसेज आलाय त्यात आकडे आहेत, ते कसे दिसतात तेवढं सांगा. त्यांनी एकदम नीट सांगितलं. पहिली काठी. मग कडं. मग शेळ्यांना पाला ओढायची आकडी. मी लिहिलं, एक, शून्य, सात. मग म्हणाल्या, मेंढ्याचं शिंग.

शिंग म्हणजे सहा का नऊ, हे ठरेना. मी विचारलं, शिंग वर वळलंय का खाली? त्या म्हणाल्या, मेंढा उभा हाय का बसलाय त्यावर हाय ते. मागं उभ्या असलेल्या लोकांतही दोन तट पडले. मामांनी फोन घेऊन कानडीत बरंच काही विचारलं, तिकडून कानडीत त्याहून जास्त उत्तर आलं आणि तेवढ्यात नंबरची मुदत संपली. दुसरा नंबर मागवला. त्यात तीन शिंगं होती. तिसऱ्या नंबरात सगळ्या काठ्या आणि आकड्याच निघाल्या, म्हणून पार्सल आमच्या हाती पडलं. अशा वेळी देव आहे असं वाटतं.

घरी येऊन मी कात्री घेतली, तर मामांनी माझा हात धरला. गावाकडून रुद्रप्पाचा निरोप आला होता. आजकाल मोबाईलवर कुणाचंही तोंड कुणालाही लावतात, तेव्हा पाकीट सील असेल तसंच राहू द्या. सील सगळ्यांसमोर फुटलं तर मी मानीन, आधी फुटलं तर गाठ माझ्याशी. मामांना हे पटलं. त्यांनी ते सीलबंद खोकं आमच्या देव्हाऱ्यात ठेवलं, त्यावर भंडारा वाहिला आणि रविवार ठरवून गावी गेले. सबंध आठवडा मी त्या खोक्याला रोज हात जोडत होतो. आत काय आहे हे माहीत नसताना हात जोडायची आपल्याला सवय असतेच, पण सुकन्या माझ्याकडं आणि खोक्याकडं आळीपाळीनं बघायची आणि काही बोलायची नाही. तिला झोप लागत नव्हती. म्हातारा माणूस सोळा वर्षं एका वाक्यावर उभा आहे, आणि तेही खोटं ठरलं तर तो गावात राहणार कसा, एवढंच ती एकदा म्हणाली.

दरम्यान माझ्या लक्षात आलं की डिस्क लावायला घरात यंत्र नाही. खालच्या मजल्यावरचे यशपाल बँकेत आहेत आणि ते कुठलीही वस्तू टाकत नाहीत. त्यांच्या माळ्यावरून प्लेयर निघाला. तो त्यांनी पुसून, लावून, चालवून दाखवला आणि मग म्हणाले की रिमोट तेवढा सापडत नाही. प्लेयरला चालू, थांबा आणि बाहेर काढा एवढीच तीन बटणं. निवडानिवड काही करता येणार नाही, डिस्क देईल त्या क्रमानं घ्यावं लागेल. मी म्हटलं, आम्हाला एकच प्रसंग बघायचा आहे, त्याला कसला रिमोट.

रविवारी गावाकडून टेम्पो आला. मामा, सासूबाई, रुद्रप्पा, आणि पंच म्हणून बरीच मंडळी. शेजारी होतेच. त्या दिवशी आमच्या भागात नळाला पाण्याची पाळी नव्हती म्हणून सगळे मोकळे होते, ही गोष्ट मी फक्त नोंदवून ठेवतो. रुद्रप्पानं खोकं हातात घेऊन चारही बाजूंनी तपासलं, सील शाबूत असल्याचं सगळ्यांना दाखवलं, आणि नखानं ते फोडलं. यशपालांनी जादा डिस्क आत सरकवली.

पुढचे दोन तास आम्ही जे बघितलं त्याची किंमत मी चौपट मोजली होती. कपडे शिवणाऱ्यानं हिरोच्या शर्टाचा मळका रंग कसा शोधला ते सांगितलं. एका नटीला शिंक आली. तीच शिंक दुसऱ्या बाजूनं दाखवली. संगीतवाले एका खोलीत बसून हसत होते, का ते कळलं नाही. माझी मावससासू नागव्वा, तिला मराठी कमी समजतं, ती शिंकेला दोन्ही वेळा मनापासून हसली, आणि त्या सबंध डिस्कचा आनंद कुणी घेतला असेल तर तिनंच. बाकीच्यांनी शेंगाचटणी आणि कडक भाकरी संपवली. मामा मांडी घालून सरळ बसले होते आणि त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

मग अक्षरं आली, 'कापलेले प्रसंग', आणि पाठोपाठ माळ आला.

माळ ओळखीचा होता. लांबून धूळ उडवत मेंढरं आली आणि मेंढरांमागं एक माणूस. डोक्यावरून घोंगडी घेतलेली, सूर्य पाठीमागं, तोंड सगळं अंधारात. तो माणूस थांबला. हात वर केला. घोंगडीखाली काहीतरी हललं, म्हणजे तो बोलत असावा. पण ऐकू आला दिग्दर्शक. हा प्रसंग कापताना जीव किती तुटला ते तो सांगत होता, आणि त्याला गप्प करायचं बटण रिमोटवर होतं.

रुद्रप्पानं शांतपणे विचारलं, "त्वांड कुटं हाय?"

मामा म्हणाले, तो मीच आहे. रुद्रप्पा म्हणाला, घोंगडी कुणीही घेतं. मी सुकन्याकडं बघितलं नाही. मामांच्या तोंडावरचा रंग उतरला होता. एवढ्या वर्षांनी पडद्यावर आले आणि आले तर असे आले.

आमची मंडळी मात्र एव्हाना माणसाला सोडून मेंढरं बघायला लागली होती. धनगराला माणसाचं तोंड एक वेळ लक्षात राहणार नाही, मेंढराचं राहतं. ती बघा लंगडी, तिच्या मागं कवडी, तो शिंगमोड्या, ही सगळी सिद्धाप्पाचीच की, असं एकेकजण बोट दाखवून सांगायला लागला. मामांच्या खांद्यात जरा जीव आला. माणूस नाही तर नाही, मेंढरं तर साक्ष देत होती. रुद्रप्पाही बघत होता. बघता बघता तो उठला आणि टीव्हीजवळ गेला.

"यशपालसायेब, थांबवा जरा," तो म्हणाला.

यशपालांनी बटण दाबलं. कळपाच्या अगदी पुढं एक मेंढी होती. अर्धं तोंड काळं, अर्धं पांढरं. डाव्या कानाला दोन काप. प्रत्येक घराची कानाला काप घ्यायची खूण ठरलेली असते, आणि डाव्या कानाला दोन काप ही खूण रुद्रप्पाच्या घरची.

"ही माजी बांडी हाय," रुद्रप्पा म्हणाला.

ही बांडी रुद्रप्पाची लाडकी. त्याच उन्हाळ्यात ती नाहीशी झाली होती आणि लांडग्यानं नेली असं ठरलं होतं. लांडगा शोधायला काठी घेऊन सगळ्यात पुढं मामा होते. त्या उपकारापोटी रुद्रप्पानं त्यांना जेवायलाही घातलं होतं. मी सरकारी माणूस असल्यामुळं पेच माझ्या लगेच लक्षात आला. घोंगडीतला माणूस मामा असतील, तर सिनेमा खरा आणि चोरीही खरी. मामा नसतील, तर चोरी नाही, पण सिनेमाही नाही. मधला रकाना नव्हता.

रुद्रप्पा वळला. "दाजी, नीट सांगा. ह्यो मानूस तुमी हाय का न्हाय?"

मामांनी पडद्याकडं पुष्कळ वेळ बघितलं. सुकन्यानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की घड्याळाचा पट्टा तुटला.

"मीच हाय," मामा म्हणाले. "आन् मेंढरू तुजंच हाय."

मग त्यांनी सांगितलं. दिग्दर्शकाला कळपाच्या पुढं उठून दिसणारं मेंढरू हवं होतं. मामांकडं तसं नव्हतं. रुद्रप्पा बाजाराला गेलेला, म्हणून त्याची बांडी तेवढ्यापुरती आणली, संध्याकाळी परत सोडणार होते. मग सोडली का नाही, असं रुद्रप्पानं विचारलं. मामा गप्प बसले. यशपालांना ही शांतता अवघड वाटली असावी. मदत म्हणून त्यांनी चालूचं बटण दाबलं.

दिग्दर्शक बोलायला लागला. "आणि त्या मेंढपाळाचं मन बघा. शूटिंग संपल्यावर त्यानं आम्हा सगळ्यांना आपली मेंढी कापून जेवू घातलं. एक पैसा घेतला नाही. ही पुढं दिसते ना, हीच ती. असं मटण मी आयुष्यात पुन्हा खाल्लं नाही."

यशपालांनी घाईनं थांबा दाबलं, पण त्याचा आता उपयोग नव्हता. चिमाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या की मसाला मी वाटला, पण मेंढरू कुणाचं ते मला ठाऊक नव्हतं. भावाच्या तोंडाकडं मात्र त्यांनी बघितलं नाही.

रुद्रप्पा खाली बसला. त्याच्या डोळ्यांसमोर ती सगळी पंगत आली असावी.

"त्या राती मीबी हुतो की जेवायला," तो म्हणाला. "दोनदा वाढून घेतलं म्या."

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं तोंड कुणाचं नव्हतं. मग रुद्रप्पा उठला, म्हणाला, बोललोय ते बोललोय, आणि टॉवेल मागितला. सोलापुरात, टॉवेलच्या दुकानदाराच्या शेजारी राहून, आमच्या घरात त्या दिवशी एक कोरा टॉवेल नव्हता. सुकन्यानं आतून माझा आणला, वास्तुशांतीचा, रोज अंग पुसायचा. रुद्रप्पानं तो मामांच्या खांद्यावर टाकला, स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून मामांच्या डोक्यावर ठेवली आणि हात जोडले. मामांना रडू आवरेना. माझाच टॉवेल, फक्त हात रुद्रप्पाचा, एवढाच काय तो फरक. मला मनापासून बरं वाटलं, आणि थोडा रागही आला.

मग भरपाईची गोष्ट निघाली. पंच बोटांवर मोजत बांडीची कोकरं, कोकरांची कोकरं असा वंश वाढवायला लागले. तो अर्ध्या माळापर्यंत पोचल्यावर रुद्रप्पानंच हात वर केला. मला मेंढरू नको, म्हणाला. मला हीच बांडी पाहिजे. आणि टीव्हीकडं बोट दाखवलं. पंचांनी निवाडा दिला. जादा डिस्क रुद्रप्पाला गेली. ती लावायला लागतो म्हणून प्लेयरही टेम्पोत चढला, आणि यशपाल जिन्यात उभे राहून तो जाताना बघत राहिले. पुढच्या आठवड्यात त्यांना रिमोट सापडला. तो त्यांनी मला एक शब्दही न बोलता दिला आणि मी एसटीनं दुधनीला पाठवला.

आता दर बाजाराच्या दिवशी मामा टोपी घालून, खांद्यावर माझा टॉवेल टाकून रुद्रप्पाकडं जातात. सोळा वर्षं ज्या घरात पाऊल टाकलं नव्हतं तिथं चहा होतो, जेवण होतं आणि दिग्दर्शकाला गप्प करून तो प्रसंग लावला जातो. एक माणूस स्वतःला बघायला बसतो, दुसरा बांडीला. माझ्याकडं साधी डिस्क उरली आहे, विशेष किमतीची. ती लावायला प्लेयर नाही.

परवा मामांचा फोन आला. आवाज जरा उतरलेला होता. आपलं वाक्य स्वच्छ ऐकू येतं म्हणाले, "पुढं वाट न्हाय, पाव्हणं" इथपर्यंत. "मागं फिरा" म्हणायला आणि बांडी ओरडायला एकच गाठ पडते. रुद्रप्पा तेवढं ओरडणं परत परत लावतो आणि डोळे पुसतो. मामांच्या वाक्याकडं कुणाचं लक्ष नाही.

"जावईबापू," ते म्हणाले, "कंपनीला लिवून बघा की. त्या बांडीचा आवाज कापलेली एकादी डिस्क निगती का? किंमत कितीबी असू द्या."

मी लिहिलं आहे. उत्तर आलं, उद्या कळवतो.